राहिलेले चाळीस मीटर

पुंता आरेनास
४ मे २००३

बाबा,

अक्षर ओळखलंत ना? चुलीत टाकायचं असेल तर खुशाल टाका, पण निदान पहिलं पान वाचून टाका. मी भांडायला लिहीत नाहीये.

एकोणीस वर्षांनी पत्राची सुरुवात कशी करतात हे मला ठाऊक नाही. तब्येतीची चौकशी करत नाही, कारण तुमच्या बेटावरच्या पोर्वेनीरहून येणाऱ्या बोटीतून उतरणारा प्रत्येक माणूस ती मला न विचारता सांगतो. अडुसष्टाव्या वर्षीही हंगामात दिवसाला शंभर मेंढ्या कातरता म्हणे. कातरा.

कामाचंच बोलते. मी गेली अकरा वर्षं शाळेत खेळ शिकवते, हेही बोटीवाल्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच. माझ्याकडे एक पोरगी आहे, दानित्सा ओहेदा. सोळा वर्षांची, काटक, तोंडाने फटकळ. मार्चमध्ये शंभर मीटर तिने बारा पूर्णांक सातमध्ये मारले. राष्ट्रीय शालेय स्पर्धेला उत्तरेला सांतियागोला जायचं तर बारा पूर्णांक सहा लागतात. मला वाटलं, एक दशांश तर आहे, हा हा म्हणता काढू.

मग एप्रिलात आपल्याकडची थंडी पडली आणि पोरीचं सगळं बिघडलं. खांदे कानाला लागतात. मुठी अशा आवळते जणू कोणी काही हिसकावून घेणार आहे. पाऊल लांब पडतच नाही, आणि पडलं की जमिनीलाच चिकटून बसतं. काल घड्याळाने तेरा पूर्णांक तीन दाखवले. ती म्हणाली, "बाई, माझा वेग संपला." सोळाव्या वर्षी!

तिची आई खेकड्यांच्या कारखान्यात कवच फोडते. ती सरळ बोलणारी बाई आहे. ऑगस्टमध्ये निवड झाली तर पोरगी धावेल, नाही झाली तर त्याच दुपारपासून कारखान्यात आपल्या शेजारच्या टेबलाशी उभी राहील, असं तिने मला तोंडावर सांगितलं. दानित्साच्या दोन थोरल्या बहिणी तिथेच उभ्या आहेत. एकदा त्या टेबलाशी उभं राहिलेलं कोणी परत मैदानावर आलेलं मी पाहिलं नाही.

निवड चाचणी तीस ऑगस्टला, सकाळी साडेआठला आहे. इतक्या सकाळी का, ते तुम्हाला मी काय सांगू! पाठीवर सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वारा असला की वेळ धरत नाहीत, आणि आपल्या गावात वारा पडतो तो फक्त कडाक्याच्या गारठ्यातल्या सकाळी. म्हणजे आपल्या पोरांनी खरी वेळ काढायची ती पाणी गोठलेलं असताना. सांतियागोवाले चड्डी-बनियनवर उन्हात धावतात आणि वर आपल्याला मंद म्हणतात.

विचारायचं एवढंच, की तुम्ही माझ्या मांड्यांना कच्च्या लोकरीच्या पट्ट्या बांधायचात, त्या शर्यतीच्या किती आधी बांधायच्या आणि नेमक्या कधी सोडायच्या? मला नीटसं आठवत नाही.

त्या दिवसाबद्दल मला बोलायचं नाही. जे झालं ते झालं. चुका दोघांच्याही झाल्या.

नेलिदा


पुंता आरेनास
१ जून

बाबा,

उत्तर नाही. ठीक आहे. माझ्यात हट्ट कुठून आला असं लोक विचारतात, त्यांना आता पोर्वेनीरचा पत्ता देत जाईन.

तरी लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला विचारू? इथल्या मास्तर लोकांना थंडीवर एकच औषध माहीत आहे, ते म्हणजे थंडी वाजत नाही असं म्हणायचं. अजून तसंच आहे हो सगळं. चाचणीच्या रांगेत पोरं उघड्या दंडांनी उभी राहतात, ओठ निळे पडतात, आणि कोणी अंगावर कोट ओढला की बाकीचे ओरडतात, "काय रे, उत्तरेच्या उन्हातून आलास का?" मागच्या वर्षी एका बापाने पोराच्या अंगातला स्वेटर शर्यतीच्या अर्धा तास आधी स्वतः काढून घेतला, का तर शेजारी बघत होते. ते पोरगं शेवटून दुसरं आलं, पण बापाची मान ताठ होती.

मी माझ्या परीने करते आहे. शाळेच्या लांब कॉरिडॉरमध्ये तीस मीटर मिळतात. टोकाला भिंतीशी गाद्या उभ्या केल्या आहेत, त्यांच्यावर जाऊन आदळायचं. सुरुवातीची झेप तिथे घोटून घेते. बाहेर फक्त दुपारी, आणि तेही चाळीस मिनिटं अंग तापवल्यावर. आधी चालणं, मग सावकाश पळणं, मग गुडघे उचलणं, आणि शेवटी तीन धावा. दोन धावांच्या मध्ये तिला उभी राहू देत नाही. तरी तिचे खांदे काही उतरत नाहीत.

बाजारातून कच्ची लोकर आणून मी पट्ट्या विणून घेतल्या. दानित्साने त्या दोन बोटांत धरून नाकाशी नेल्या.

"बाई, याला मेंढीचा वास येतो."

"मेंढीची लोकर आहे. खेकड्याचा वास येईल का?"

"मी हे बांधणार नाही. सगळे बें-बें करतील."

"करू देत."

"तुम्हाला काय जातंय करू देत म्हणायला? तुम्हाला कोणी केलं होतं का?"

मी पट्ट्या गुंडाळून पिशवीत घातल्या. तिला चुकून माझी गप्प बसायची जागा सापडली.

मग व्हायचं तेच झालं. मंगळवारी ती ऐन गारठ्यात माझा डोळा चुकवून जोरात पळाली आणि मांडी ओढली गेली. फाटली नाही, नुसती ओढली. दहा दिवस आराम. मी तिला बर्फ लावत बसले होते. मला एकदम एप्रिल चौऱ्याऐंशी आठवला. साठ मीटरवर तो आवाज झाला, ओली दोरी तुटल्यासारखा, आणि मी लाल मातीत तोंडावर पडले. पुढे चाळीस मीटर दिसत होते आणि उठता येत नव्हतं. बाबा, त्या दिवशी तुम्ही जरा लक्ष दिलं असतंत, मला उघड्या पायांनी उभी राहू दिली नसतीत, तर आज मीही कुठेतरी असते. हे लिहिणार नव्हते, पण लिहून गेले.

उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

नेलिदा


पुंता आरेनास
२४ जून

बाबा,

पार्सल मिळालं.

चिठ्ठी नव्हती. तिची गरजही नव्हती. दोन पट्ट्या, धुतलेल्या, गुंडाळी करून बांधलेल्या. कडेला आईने लाल दोऱ्याने घातलेली टीप आणि कोपऱ्यात माझी दोन अक्षरं. आईचा दोरा मी कुठेही ओळखेन. ती गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यात बसून तिने ती टीप घातली होती.

पार्सल उघडलं तेव्हा मी टपाल कचेरीच्या पायरीवरच होते. तिथेच बसले. बर्फावर बसले हे घरी आल्यावर कळलं.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता खोटं लिहिण्यात काही अर्थ नाही, तेव्हा जे झालं ते एकदा माझ्या हाताने लिहिते. त्या सकाळी तुम्ही माझ्या मांड्यांना पट्ट्या बांधल्यात आणि म्हणालात, "आन्सेल्मोने जागेवर बोलावेपर्यंत सोडायच्या नाहीत. मी येऊन सोडीन." मेंढ्या कातरणाऱ्यांची पद्धतच ती. मनगटाच्या पट्ट्या ज्याने बांधल्या त्यानेच सोडायच्या, आणि त्याही पहिली मेंढी कातरायला पायांत धरल्यावर. मी मान डोलावली. मग सांतियागोहून आलेल्या दोन मुली माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. एकीने नाक धरलं. दुसरी हळूच बें म्हणाली. तिचे बूट पांढरेशुभ्र होते, मला अजून दिसतात.

मी संडासात गेले, पट्ट्या सोडल्या आणि पाण्याच्या टाकीमागे कोंबल्या. वाटलं, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. पण बाहेर आले आणि वारा उठला. शर्यत सोडणाऱ्या आन्सेल्मो मास्तरांनी ते वारा मोजायचं यंत्र धरून आम्हाला चाळीस मिनिटं तशीच उभी ठेवली. मी कुडकुडत होते, पण कुडकुडते आहे हे दाखवायचं नव्हतं. तुम्ही कुंपणापलीकडून हाका मारत होतात, मी तुमच्याकडे बघितलं नाही.

आणि नंतर दवाखान्यात आन्सेल्मो मास्तरांनी विचारलं, "अशा गारठ्यात तुला उघड्या पायांनी उभी कोणी केली?" तर मी म्हणाले, "बाबांनी."

एकच शब्द होता तो, बाबा. एकोणीस वर्षांची होते मी, मांडी फाटली होती, आणि लाजेने अर्धी मेले होते. मला वाटलं होतं की दुसऱ्या दिवशी सांगून टाकेन. दुसऱ्या दिवशी आपल्या धावण्याच्या क्लबाने तुम्हाला मैदानबंदी केली होती. मग वाटलं, तुम्ही स्वतःच बोलाल. तुम्ही बोलला नाहीत. हंगामाला म्हणून बेटावर गेलात आणि परत आला नाहीत. तुम्ही गप्प बसलात म्हणून मला राग आला, हा माझा कोडगेपणा बघा! इतकी वर्षं मी तुमच्यावर रागावून राहिले, कारण तुम्ही मला खोटी पाडली नाहीत.

त्या पट्ट्या तुम्ही टाकीमागून कधी काढल्यात? आणि काढून काय केलंत, एकोणीस वर्षं जपल्यात?

माझी चूक होती, बाबा. दोघांची नाही, माझीच. मला माफ करा असं लिहायला हात धजत नाही, पण तेच लिहायचं आहे.

नेली


पुंता आरेनास
२० जुलै

बाबा,

तुमचं कार्ड आलं. एवढी मोठी कबुली दिली आणि त्यावर तुमचं उत्तर काय, तर "पट्टी गुडघ्यापासून वर बांध. तुझं नेहमी उलट असतं. गाठ बाहेरच्या बाजूला."

मी खूप हसले. मग रडलेसुद्धा, पण तो भाग सोडून द्या. कार्ड स्वयंपाकघरात आरशाला खोचलं आहे.

तुमचंच खरं होतं. मी स्वतःच्या मांडीला वरून खाली बांधून बघत होते, म्हणून पट्टी चालताना घसरायची. आणि गाठ आत असल्यामुळे सुटायला वेळ लागायचा. आता एका ओढीत सुटते.

पण आधी दानित्साने त्या बांधायला हव्या होत्या ना. तिला समजावून झालं, दटावून झालं. शेवटी मी तिला कॉरिडॉरमधल्या गाद्यांवर बसवलं आणि तुम्हाला लिहिलं ते सगळं तोंडाने सांगितलं. संडास, टाकी, बें, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाई, तुम्ही वासाला लाजून पाय घालवलात?"

"हो."

"आणि बाप पण?"

"हो."

तिने आपल्या बुटाची नाडी ओढून बांधली. "माझ्या आईच्या अंगाला रोज खेकड्याचा वास येतो," ती म्हणाली. "मी तिला शाळेच्या फाटकाशी येऊ देत नाही." एवढं बोलून तिने पाय लांब केले. "बांधा. पण मी कुठे बें ऐकलं तर त्याचे दात पाडीन, आधीच सांगून ठेवते."

त्या दिवसापासून ती तुमच्या पट्ट्या बांधते. हो, त्याच, लाल दोऱ्याच्या. बाजारातल्या मी परत उसवल्या. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नव्हता आणि ती मला घड्याळ दाखवा म्हणून छळायची. मी घड्याळ खिशातच ठेवलं. तुमचं वाक्य तिला ऐकवलं, "थंडीत घड्याळाकडे बघू नये, खांद्यांकडे बघावं." हे वाक्य मी अकरा वर्षं पोरांना माझं म्हणून ऐकवत आले, तेही आज कबूल करते.

गेल्या गुरुवारी दुपारी उणे दोन होतं. तिसऱ्या धावेत तिचे खांदे एकदम उतरले. मला दिसलं ते. हनुवटी सैल झाली, मुठी उघडल्या, आणि पाऊल जमिनीला टेकलं न टेकलं तोच निघालं. मी खिशातलं घड्याळ दाबायचं विसरले. तीच हसत परत आली आणि म्हणाली, "बाई, आत्ता जमीन गरम लागली."

वेळ विचारू नका. माहीत नाही. पण वेग परत आला, हे मला माहीत आहे.

आता खरं बोलते. चाचणीच्या दिवशी पट्ट्या सोडायचं धाडस मला होणार नाही; तुम्हीच बांधा, तुम्हीच सोडा. पोर्वेनीरहून बोट शुक्रवारी दुपारी सुटते. वारा असला तर सुटत नाही, आणि वारा असला तर शर्यतही होत नाही, म्हणजे तुम्हाला ती सबब उरत नाही.

तुमची नेली

ता. क. पोरगी विचारते, "तुमचे बाबा दात पाडतात का कोणाचे?" मी म्हटलं, "लागले तर पाडतात."


पुंता आरेनास
२४ ऑगस्ट

बाबा,

घाईत लिहिते, बोट सुटायची आहे.

काल आन्सेल्मो मास्तरांकडे गेले होते. बहात्तर वर्षांचे आहेत, अजून चाचणीत तेच बंदूक उडवतात. त्यांनी माते नावाच्या पानांचा कडू काढा ओतून दिला, तो हातात धरून मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझ्या हातातला गार झालेला प्याला काढून घेतला. मग तुमचं नाव घेऊन म्हणाले, "बेलिसारियो एका शब्दाने का बोलला नाही?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत का त्यांना?"

त्यावर ते उठले आणि कपाटातून क्लबाची जुनी वही काढली. मैदानबंदीचा तो ठराव तुमच्या नावानिशी होता. त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली, आणि बाजूला लिहिलं, "चूक. आन्सेल्मो बार्रिया." सही करताना पेन दोनदा अडलं, मी शाई दिली.

मैदानाचं फाटक तुम्हाला उघडं आहे. चाचणीआधी भोंग्यावरून सांगा असं मी त्यांना सांगितलं आहे. माझं नाव घेऊन सांगा, असंही.

तुम्ही या. नाही आलात तर पोरीने हरायचं कारण तुम्ही असाल असं मी लिहिणार नाही. असं लिहायची मला फार सवय आहे, पण नाही लिहिणार.

नेली


पुंता आरेनास
३ सप्टेंबर

प्रिय बाबा,

तुम्ही सोमवारी बोटीवर चढलात तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं. तुम्ही म्हणाल, मी तिथेच होतो, मला काय सांगतेस? पण तुम्ही त्या दिवशी फक्त खांदे बघत होतात. बाकीचं मी बघितलं, ते लिहिते.

शुक्रवारी संध्याकाळी धक्क्यावर बोटीतून पहिल्यांदा तुमची ती जुनी टोपी दिसली. मला वाटलं होतं म्हातारे झाला असाल. म्हातारेच झाला आहात. मी सात वाक्यं पाठ करून आले होते, आणि तुम्ही विचारलंत, "पोरगी जेवली का? आज रात्री मटण नको, बटाटे दे." मग माझी सातही वाक्यं राहून गेली, ती राहू देत.

शनिवारी सकाळी एक अंश. वारा नावाला नव्हता. धुरांड्यांचे धूर सरळ उभे होते, असं आपल्या गावात वर्षातून किती वेळा दिसतं? आन्सेल्मो मास्तरांनी भोंग्यावरून ती गोष्ट सांगितली, माझ्या नावानिशी. मी मान वर करून उभी राहिले. माझ्या वर्गातली पोरं माझ्याकडे बघत होती. फार वाईट वाटेल असं वाटलं होतं. तेवढं नाही वाटलं. मग मास्तर स्वतः फाटकापर्यंत चालत आले आणि त्यांनी हात पुढे केला. तुम्ही तो हातात घेतलात आणि म्हणालात, "गार आहे की रे तुझा हात. अजून मोजे घालत नाहीस?" म्हातारबुवांचे डोळे भरले होते. तुम्ही बघितलं नाहीत, मुद्दामच.

आणि नेमका सव्वाआठला वारा उठला. चौऱ्याऐंशीसारखाच. मास्तर यंत्र हातात घेऊन उभे आणि आठ मुली रेषेमागे. सात जणी उघड्या मांड्यांनी, हात काखेत न घालता, कारण आया बघत होत्या. आठवी आमची. डोक्याला टोपी, अंगात तुमचा मेंढीच्या कातड्याचा कोट, मांड्यांना तुम्ही बांधलेल्या पट्ट्या, आणि तुम्ही तिला उभंही राहू देईनात. "चाल. गुडघा उचल. चाल. बोटं हलव." तिसऱ्या लेनमधली मुलगी बें म्हणाली. दानित्सा थांबली, तिच्याकडे वळली आणि म्हणाली, "जवळ ये की, ऊब लागेल." सगळं कुंपण हसलं. ती मुलगीही हसली, दात वाजत होते बिचारीचे.

पस्तीस मिनिटं, बाबा. मी घड्याळ बघत होते. सातही जणींचे खांदे हळूहळू कानाकडे सरकताना मी पाहिले. त्यातल्या दोघी दानित्सापेक्षा वेगवान आहेत, खरंच आहेत. उन्हात त्यांनी तिला मागे टाकलं असतं.

वारा पडला. मास्तरांनी जागेवर बोलावलं. तुम्ही गुडघ्यावर बसलात, दोन्ही हातांनी दोन गाठी एकदम ओढल्यात, आणि पट्ट्या सुटून तुमच्या मांडीवर पडल्या. तिच्या पायांतून वाफ निघाली. खरंच निघाली, माझ्याशेजारी तिची आई उभी होती, तिने पाहिली. हो, तिची आई. रात्रपाळी करून तशीच आली होती, खेकड्याच्या वासासकट, आणि पोरीनेच तिला फाटकाशी बोलावून घेतलं होतं.

बंदुकीनंतरचं काय सांगू? साठ मीटरपर्यंत मी श्वास घेतला नाही. साठ मीटरवर माझी मांडी दुखली, माझी, आणि ती तिथून पुढे गेली. खांदे खाली, हनुवटी सैल, हात मोकळे. बाकीच्या आखडल्या होत्या आणि ती एकटीच धावत होती. बारा पूर्णांक बावन्न. वारा शून्य पूर्णांक आठ. मास्तरांनी ते यंत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तूच वाचून दाखव." मी वाचून दाखवलं. आवाज फाटला, पण वाचलं.

दानित्सा सांतियागोला जाणार! तिची आई रडत रडत एवढंच म्हणाली, "त्या टेबलाशी आता दुसरी कोणीतरी बघा." पोरगी धावत आली ती माझ्याकडे नाही, तुमच्याकडे. "आजोबा, माझ्या पट्ट्या कुठे? थंडी वाजतेय." आपल्या गावात मैदानावर कोणी हे वाक्य मोठ्याने बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर पुढच्या शर्यतीच्या पाच पोरांनी गुपचूप कोट घातले.

आता रविवारचं. ते तुम्ही कोणाला सांगणार नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

सकाळी तुम्ही म्हणालात, चल जरा फिरून येऊ, आणि नेलंत मैदानावर. कोणी नव्हतं. गवत पांढरं झालं होतं. मला वाटलं, आता बोलतील, एकोणीस वर्षांचं काढतील, आणि मी तयारी ठेवली. तुम्ही खिशातून पट्ट्या काढल्यात.

"बस," म्हणालात.

"बाबा, मी अडतीस वर्षांची आहे."

"मी वय विचारलं का?"

तुम्ही उजव्या मांडीला बांधलीत, मग डाव्या. गुडघ्यापासून वर. त्या फाटलेल्या जागेवर तुमचा अंगठा एकदा थांबला. हात तुमचे अजून तसेच मऊ आहेत, लोकरीतला तो ओशटपणा मुरलेले. मग तुम्ही मला चाळीस मिनिटं चालवलंत, पळवलंत, गुडघे उचलायला लावलंत. मी धापा टाकत होते आणि तुम्ही ओरडत होतात, "आखडू नको, नेली, आखडू नको." शाळेतल्या पोरांवर मी अगदी असंच ओरडते.

मला वाटलं सुरुवातीच्या रेषेवर नेणार. तुम्ही पुढे चालत राहिलात आणि साठ मीटरच्या खुणेवर थांबलात. टाचेने मातीत रेघ ओढलीत. गुडघ्यावर बसून दोन्ही गाठी सोडल्यात.

"इथून," म्हणालात. "राहिलंय तेवढं पुरं कर."

मग तुम्ही पांढऱ्या गवतावरून जपून पाऊल टाकत पलीकडे गेलात. किती वेळ लागला तुम्हाला त्या चाळीस मीटरना! मी उघड्या पायांनी उभी होते आणि मला अजिबात थंडी वाजत नव्हती. तुम्ही हात वर केलात, खाली सोडलात, आणि मी धावले.

बाबा, मी धावले. पाय दुखला नाही. दुखला असता तरी मी पुरं केलं असतं. शेवटच्या रेषेवर तुम्ही उभे होतात आणि मी थांबू शकले नाही, तुमच्या अंगावरच आले, आणि आपण दोघं पडता पडता वाचलो. तुम्ही मला धरून ठेवलंत. बराच वेळ धरून ठेवलंत.

मग मी विचारलं, "किती सेकंद?"

तुम्ही म्हणालात, "घड्याळ कोण बघतंय? मी खांदे बघत होतो."

पट्ट्या दानित्साकडे दिल्या आहेत, सांतियागोसाठी. तिथे तोवर उन्हाळा लागलेला असेल, तरी नेते म्हणाली. तुमचे मोजे खुर्चीवर राहिले, ते पुढच्या बोटीने पाठवते.

पण माझे खांदे कसे होते, ते तुम्ही सांगितलंच नाहीत. पत्रात लिहा.

तुमची
नेली